पांढऱ्या ठिपक्यांतून वाचलेला मासा

मासा हातात घेतला की सगळ्यांत आधी लागतो तो त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर, म्हणजे श्लेष्मा. परजीवींशी माशाची झुंज मुख्यतः इथेच चालते, या थरात, त्वचेत आणि कल्ल्यांत. म्हणून आज बोलायचं आहे ते या थराबद्दल.

उदाहरणाला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग घेऊ. इक्थिऑफ्थिरियस, म्हणजे मत्स्यपालक ज्याला नुसतं ‘इक’ म्हणतात, तो एकपेशीय जीव. त्याच्या अंगभर केसांसारखी बारीक रोमकं असतात. त्याची पोहणारी पिल्लं त्वचेत आणि कल्ल्यांत शिरतात आणि तिथल्या पेशी खात वाढतात. आपल्याला ठिपका दिसतो तो हा वाढलेला परजीवी. पूर्ण वाढला की तो मासा सोडतो, तळाला चिकटून कवच करतो आणि आत विभागत राहतो. एकापासून शेकडो पिल्लं. पाणी 24-25 अंश सेल्सिअस असेल तर हा फेरा साधारण आठवड्यात पुरा होतो.

मासा पहिल्या दिवसापासून लढतो. श्लेष्माचा थर वाढतो आणि झडत राहतो, त्यात लायसोझाइम हे जिवाणूंची भिंत तोडणारं विकर असतं, जंतूंवर हल्ला करणारी ‘पूरक’ प्रथिनं असतात, जखमेपाशी पांढऱ्या पेशी गोळा होतात. पण एवढ्याने पहिली लागण थांबत नाही. तिला थांबवतात प्रतिपिंडं, आणि ती तयार व्हायला वेळ लागतो. माशाच्या हाडांत रक्तपेशी तयार करणारा मगज नसतो, लसिका गाठीही नसतात. ही कामं प्रामुख्याने मूत्रपिंडाचा डोक्याकडचा भाग आणि प्लीहा करतात. उबदार पाण्यातसुद्धा पुरेशी प्रतिपिंडं दिसायला दोन ते चार आठवडे जातात. आता हिशेब करा: तेवढ्यात परजीवीच्या दोन ते चार पिढ्या होऊन गेल्या, आणि प्रत्येक पिढीत शेकडोंची भर. मासे मरतात ते या शर्यतीत मागे पडल्यामुळे.

माशाच्या रक्तात मुख्यतः आयजीएम प्रतिपिंड असतं. आयजीटी नावाचं दुसरं प्रतिपिंड 2005 मध्ये सापडलं. ते श्लेष्मातलं खास प्रतिपिंड आहे, हे 2010 मध्ये रेनबो ट्राउटच्या आतड्यात दिसलं आणि पुढे त्वचेत व कल्ल्यांतही. हे नुसतं रक्तातून पाझरत नाही, त्वचेतल्या पेशी ते जागेवरच बनवतात.

प्रतिपिंडं परजीवीच्या रोमकांवरच्या प्रथिनाला चिकटतात. पोहणारी पिल्लं एकमेकांना चिकटून जागच्या जागी थांबतात. त्वचेत आधीच शिरलेला परजीवी मात्र तिथे मरत नाही. प्रतिपिंडं लागली की तो वाढ अर्धवट टाकून जिवंत बाहेर पडतो. मला हा या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो, कारण इथे प्रतिकार म्हणजे मारणं नसून घराबाहेर काढणं आहे. एकदा वाचलेल्या मिरर कार्पमध्ये हे संरक्षण किमान आठ महिने टिकल्याचं दिसलं आहे.

गार पाण्यात गणित बिघडतं. चॅनेल कॅटफिशसारख्या उबदार पाण्यातल्या माशांत 17 अंशांच्या खाली नव्या शत्रूची पहिली ओळख करून घेणाऱ्या टी-पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) अडखळतात. जुनी ओळख असेल तर प्रतिसाद तुलनेने टिकतो. मत्स्यजिऱ्यांत, म्हणजे नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांत तर ही यंत्रणा अजून पक्वच झालेली नसते.

म्हणून उपचाराचा उद्देश माशाला वेळ मिळवून देणं हा. नेहमीची औषधं त्वचेखालच्या परजीवीपर्यंत पोचत नाहीत, पाण्यात मोकळ्या असलेल्यांनाच मारतात, त्यामुळे एकच मात्रा फसते. थोडे मासे असतील तर दर 12 तासांनी स्वच्छ, कोरड्या केलेल्या टाकीत हलवा, 24-25 अंशांना आठवडाभर. तळाची कवचं फुटायच्या आत मासा तिथून निघालेला असतो. तापमान वाढवायचं असेल तर आधी हवा वाढवा. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू घटतो आणि कल्ले आधीच जखमी असतात. गर्दी आणि अमोनियाचा ताण कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढवतो, आणि कॉर्टिसॉल प्रतिकार दाबतं.

लस का नाही? जिवंत पिल्लं माशाच्या पोटाच्या पोकळीत टोचली तर संरक्षण मिळतं, पण इक जिवंत माशाशिवाय वाढवता येत नाही, म्हणजे लशीसाठी मासे बळी द्यावे लागतात. रोमकांवरचं ते प्रथिन जिवाणूत बनवायचं तर इकची जनुकलिपी आड येते: इतर सजीवांत ‘थांबा’ सांगणारी दोन चिन्हं इकमध्ये ग्लुटामिन सांगतात, त्यामुळे जनुक नव्याने लिहून घ्यावं लागतं. शिवाय शुद्ध प्रथिन दिलं तर संरक्षण बहुधा इकच्या त्याच उपप्रकारापुरतं राहतं.

शेवटी नव्या-जुन्या माशांच्या मिसळीबद्दल. वाचलेल्या माशाच्या अंगावर ठिपके दिसत नाहीत, तरी थोडे परजीवी त्याच्यावर राहू शकतात. कधी ते फक्त कल्ल्यांत असतात. म्हणून सगळा नवा माल सोडण्याआधी चार-पाच बोटुकल्या (बोटाएवढी पिल्लं) जुन्या माशांसोबत दोन आठवडे ठेवा. मग त्यांच्या कल्ल्याचा छोटा तुकडा पाण्याच्या थेंबात, सूक्ष्मदर्शकाच्या 100 पट भिंगाखाली पाहा. हळूहळू गरगरणारा गोल जीव आणि त्याच्या आत घोड्याच्या नालेसारखं केंद्रक दिसलं, तर उरलेला माल वेगळाच राहू द्या.