कीट, नळी आणि नायकुंडची भट्टी

नमस्कार, शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो. वखरणीचे दिवस आहेत, म्हणून आज वावरातल्या गोट्यांबद्दल बोलतो.

नागपूरच्या आसपास जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा इथं मोठमोठे गोटे गोलाकार मांडलेले तुम्ही पाहिले असतील. ती अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची दफनं आहेत. नागपूर विद्यापीठाचे डॉ. शां. भा. देव यांनी १९७०च्या सुमारास माहुरझरीला उत्खनन केलं, तेव्हा घोड्याची हाडं निघाली आणि घोड्याच्या तोंडावरचा तांब्याच्या पत्र्याचा साज निघाला. लोखंडाची हत्यारं तर कितीतरी. मग हे लोखंड गाळलं कुठं?

पारशिवनीकडच्या एका गावात विद्यापीठाची पोरं वावरं पाहत फिरत होती, मीही सोबत होतो. एका आजीनं दाराला अडसर म्हणून काळा, जड गोळा लावला होता. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या लोहारबुवांनी तो हातात घेतला, अंगठ्यानं त्याची भोकं चाचपली आणि म्हणाले, "बापू, हा गोटा नोहे, हे कीट हाये. कुठं गावलं?"

कीट म्हणजे लोखंड गाळल्यावर उरणारा मळ. आजी म्हणाली, "नाल्याकाठच्या वावरात, इहीर खंदताना."

सगळे तिकडे गेलो. धुऱ्यालगत तसेच गोळे, लाल भाजलेली माती, आणि मातीच्या नळीचा एक तुकडा. त्याचं तोंड काचेसारखं चकाकत होतं. बुवांनी तो उन्हात धरला. "भात्याची नळी. हे तोंड आगीत होतं." पोरांनी खुंट्या ठोकल्या, दोऱ्या बांधल्या आणि ज्याची त्याची जागा कागदावर उतरवली. त्या दिवशी शिकवणारे बुवा होते, आणि माझं स्पष्ट मत आहे की अशा माणसाचं नाव संशोधनाच्या अहवालात आलंच पाहिजे. आणि तो अहवाल मराठीत ग्रामपंचायतीत यायला हवा.

पेंच नदीकाठच्या नायकुंड गावी १९७८ ते १९८० या काळात उत्खनन झालं, डेक्कन कॉलेज आणि राज्य पुरातत्त्व खात्याचं. तिथं लोखंड गाळायची भट्टीच सापडली, नळ्या आणि कीट यांच्यासकट.

म्हणून सांगतो, वस्तू उचलू नका. पुन्हा सांगतो, उचलू नका. गोळा घरी आला की तो फक्त गोळा उरतो. जागेवर असला तर भट्टी कुठं होती ते कळतं. गोट्यांचं वर्तुळ असेल तर धुऱ्यासाठी जेसीबी लावू नका. फोटो काढा, गट नंबर लिहून ठेवा आणि तलाठ्याला किंवा नागपूर विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. वखर तेवढी जागा सोडून फिरवा.