जुने फ्रॅक्चर आणि पुन्हा पुन्हा दुखणारे मनगट

श्रोतेहो, नमस्कार.

खेळताना पडून मनगटाचे हाड मोडले, काही आठवडे हात प्लास्टरमध्ये राहिला, प्लास्टर निघाल्यावर हात पूर्वीसारखा हलू लागला आणि घरातले सगळे ती गोष्ट विसरून गेले. पुढे एक-दोन वर्षांनी सराव वाढला, स्पर्धा सुरू झाल्या आणि तेच मनगट पुन्हा दुखू लागले. विश्रांती घेतली की बरे वाटते आणि खेळायला लागले की दुखणे पुन्हा डोके वर काढते. अशा वेळी ‘जुना मार आहे, अधूनमधून दुखणारच’ असे म्हणून मनगटाला क्रेप बँडेज गुंडाळले जाते आणि सराव तसाच चालू राहतो. ही समजूत मला फार घातक वाटते. योग्य जागी आणि पूर्णपणे जुळलेले हाड तरुण वयात सहसा वर्षानुवर्षे दुखत राहत नाही. दुखणे परत परत येत असेल, तर त्यामागचे कारण शोधायला हवे, आणि बहुतेक वेळा ते सापडते.

मनगट म्हणजे एकच सांधा नव्हे. कोपरापासून खाली येणारी दोन लांब हाडे, त्यांच्यापुढे दोन ओळींत बसलेली आठ लहान हाडे आणि या सगळ्यांना धरून ठेवणारे अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, व कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांशी असलेला लवचिक भाग, मिळून मनगट होते. पडताना आपण स्वाभाविकपणे तळहात पुढे टेकतो आणि सगळा भार या लहानशा रचनेवर येतो. तेव्हा एक हाड मोडलेले एक्स-रेमध्ये दिसले, तरी त्याच क्षणी शेजारच्या अस्थिबंधाला किंवा कूर्चेला झालेली इजा नजरेतून सुटू शकते.

यात सर्वांत जास्त सांभाळायचे हाड म्हणजे अंगठ्याच्या बाजूचे स्कॅफॉइड. ते मोडले तरी हात वाकडा दिसत नाही, सूज फारशी येत नाही आणि पहिल्या एक्स-रेमध्ये भेग दिसेलच याची खात्री नसते. म्हणून संशय असेल तर हात आधारात ठेवून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात किंवा लगेच एमआरआय करतात. ज्यांना ‘फक्त मुरगळले आहे’ असे वाटून महिनोन्महिने गेले, त्यांच्यापैकी काहींचे हे हाड मुळात जुळलेलेच नसते. याचे कारण त्याच्या रक्तपुरवठ्यात आहे. मुख्य रक्तवाहिन्या या हाडात बोटांकडच्या भागातून शिरतात आणि रक्त तिथून मागे, कोपराच्या दिशेने जाते. हाड मधोमध मोडले की मागच्या तुकड्याचा पुरवठा तुटू शकतो, तो तुकडा जुळायला फार वेळ लागतो आणि कधी कधी निर्जीवही होतो. अंगठा ताणून वर उचलला की त्याच्या मुळाशी, दोन ताठ स्नायुबंधांच्या मध्ये, एक खळगी दिसते. त्या खळगीत बोटाने दाबल्यावर नेमके दुखत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे जाणे लांबवू नये. न जुळलेल्या स्कॅफॉइडकडे दुर्लक्ष झाले, तर काही वर्षांत मनगटाची झीज सुरू होते.

वाढत्या वयाच्या मुलामुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. अंगठ्याच्या बाजूच्या लांब हाडाच्या, म्हणजे रेडियसच्या, मनगटाजवळच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते आणि त्या हाडाची सुमारे ७५ ते ८० टक्के लांबी तिथेच वाढते. फ्रॅक्चर या कूर्चेतून गेले असेल, तर क्वचित तिथली वाढ थांबते, शेजारचे अल्ना हाड मात्र वाढत राहते आणि करंगळीच्या बाजूला हाडे एकमेकांवर घासू लागतात. खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठताना किंवा दाराची मूठ फिरवताना करंगळीकडे कळ येत असेल, तर ही शक्यता किंवा तिथल्या त्रिकोणी कूर्चेची इजा तपासून घ्यावी. जिम्नॅस्टिक्ससारख्या खेळात हातांवर वारंवार भार येत असल्याने, फ्रॅक्चर न होताही ही वाढीची कूर्चा दुखावते.

अस्थिबंधाची इजा साध्या एक्स-रेमध्ये लपून राहते. दोन हाडांमधली फट हात सैल असताना दिसत नाही आणि मूठ घट्ट आवळली की रुंदावते, म्हणून तज्ज्ञ दोन्ही हातांचे, मूठ आवळून, एक्स-रे मागवतात. हाड जुळले की नाही हे सीटी स्कॅनमध्ये स्पष्ट दिसते. कूर्चा, अस्थिबंध आणि हाडाचा रक्तपुरवठा यांसाठी एमआरआय उपयोगी पडतो. तपासणीला जाताना जुन्या फ्रॅक्चरचे एक्स-रे आणि कागद आवर्जून न्यावेत. त्यावरून पुष्कळ उलगडा होतो.

उपचार कारणानुसार ठरतात. अनेकांना काही आठवडे भार थांबवणे, स्प्लिंट म्हणजे मनगट स्थिर ठेवणारा आधार आणि फिजिओथेरपी एवढे पुरते. न जुळलेल्या हाडासाठी मात्र स्क्रू आणि अनेकदा शरीरातल्याच दुसऱ्या हाडाचा तुकडा बसवावा लागतो. सामन्याआधी वेदनाशामक गोळी घेऊन उतरण्याची सवय पालकांनी आणि प्रशिक्षकांनी कृपया खपवून घेऊ नये, कारण गोळीने वेदना दबते आणि इजा तशीच वाढत राहते. विश्रांतीतही किंवा रात्री दुखणे, बोटांना मुंग्या येणे, पकड सुटणे, सुजेबरोबर ताप येणे यांपैकी काही असेल, तर पुढच्या स्पर्धेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.

मैदानावर परतण्याची तारीख स्पर्धेच्या वेळापत्रकावरून ठरवू नये. मनगट दुसऱ्या हाताइतके वाकते का आणि पकडीची ताकद जवळजवळ तेवढीच आहे का, हे आधी पाहावे. त्यानंतर तळहातावर भार आधी भिंतीला टेकून, मग टेबलाच्या कडेवर आणि शेवटी जमिनीवर, असा टप्प्याटप्प्याने वाढवावा. एखाद्या टप्प्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मनगट दुखले किंवा आखडले, तर एक पायरी खाली यावे आणि ते शांत होईपर्यंत तिथेच थांबावे.