५२.१३ : हा पगार नेमका कुणाचा?

(दृश्य: लॅपटॉपच्या पडद्यावर ‘कॉलेज स्कोअरकार्ड’चं पान)

अमेरिकेच्या शिक्षण खात्याचं हे संकेतस्थळ २०१५ साली सुरू झालं. २०१९पासून इथे एकेका अभ्यासक्रमाच्या पदवीधरांची कमाईही दिसू लागली. पुण्या-मुंबईहून एमएसला जायचं असेल आणि कोर्स ‘मॅनेजमेंट सायन्सेस अँड क्वांटिटेटिव्ह मेथड्स’ (कोड ५२.१३) या गटातला असेल, तर कर्जाचा हिशोब या आकड्यावर मांडण्याआधी थोडं थांबा.

आकडा येतो अमेरिकी कर खात्याच्या नोंदींतून. म्हणजे तो कुणी फुगवलेला नाही. पण मोजणीत येतात फक्त अमेरिकेच्या केंद्र सरकारचं शैक्षणिक अर्थसाहाय्य घेतलेले पदवीधर. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या परदेशी विद्यार्थ्याला हे साहाय्य मिळतच नाही. समजा, साठ जणांच्या वर्गात चाळीस जण भारत-चीनमधून आलेले आहेत. तर हा आकडा उरलेल्या वीस जणांपैकी साहाय्य घेतलेल्यांचा. त्यातूनही त्या वर्षी काहीच न कमावलेले आणि पुन्हा शिकायला गेलेले वगळले जातात. नोकरी मिळाली नाही त्यांच्यामुळे आकडा खाली येत नाही. ते त्यात नसतातच.

(दृश्य: कोडची यादी)

५२.१३ हा अमेरिकेतल्या अभ्यासक्रमांच्या सरकारी वर्गवारीतला चार अंकी कोड. त्याच्या पोटात ५२.१३०१ मॅनेजमेंट सायन्स, ५२.१३०२ बिझनेस स्टॅटिस्टिक्स आणि ५२.१३०४ ॲक्चुअरियल सायन्स (विम्यासारख्या जोखमींचं गणित). स्कोअरकार्ड चार अंकांवरच थांबतं, आणि खरी अडचण इथे आहे. अमेरिकी कामगार सांख्यिकी विभागाच्या मे २०२३च्या आकडेवारीत ऑपरेशन्स रिसर्च ॲनालिस्टचा (गणिताने कामकाजाचे निर्णय सुचवणाऱ्याचा) मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर अगदी मधला, वार्षिक पगार सुमारे ८३,६०० डॉलर होता, ॲक्चुअरीचा सुमारे १,२०,०००. या दोन्ही वाटांचं शिक्षण एकाच रकान्यात बसतं. भरीला याच वर्गवारीच्या २०२०च्या आवृत्तीत बिझनेस ॲनालिटिक्सला ३०.७१०२ हा वेगळा कोड मिळाला. त्यामुळे एकाच नावाचे दोन कोर्स दोन वेगळ्या रकान्यांत सापडू शकतात.

आपला सहा अंकी कोड आय-२०वर, म्हणजे व्हिसासाठी कॉलेज देतं त्या कागदावर, छापलेला असतो. तो स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान-अभियांत्रिकी-गणित) यादीत असेल, तरच १२ महिन्यांच्या ओपीटीला, म्हणजे शिक्षणानंतर अमेरिकेत काम करण्याच्या परवानगीला, आणखी २४ महिन्यांची जोड मागता येते.

अर्धवेळ कोर्सचा मोठा आकडा तर फारच जपून वाचावा. तिथे दहा-दहा वर्षं नोकरी केलेली माणसं शिकतात. त्यांचा पगार आधीपासूनच मोठा असतो.

(दृश्य: ईमेल लिहिणारे हात)

म्हणून प्लेसमेंट ऑफिसला लेखी विचारा. बॅच किती जणांची होती? पगार किती जणांनी कळवला? परदेशी विद्यार्थ्यांचा आकडा वेगळा द्याल का? बोनस सोडून मूळ पगार किती? आणि मध्यकच मागा. पाच जणांचे पगार ६०, ७०, ८०, ९० हजार आणि ३ लाख डॉलर असतील, तर सरासरी निघते १ लाख २० हजार. मध्यक ८० हजारच.

उत्तरात देशी-परदेशी सगळ्यांचा मिळून एकच आकडा आला, तर पुन्हा लिहा.