देणं वेगळं, काढून घेणं वेगळं

नमस्कार मंडळी.

टोरोंटोत ब्लूर स्ट्रीट आणि ॲव्हेन्यू रोडचा चौक आहे. 2024 च्या उन्हाळ्यात तिथे एक पांढरी सायकल बांधून ठेवली होती. पांढरी म्हणजे हँडल, सीट, चेन, टायर, सगळ्यांवर एकच रंग फासलेला. सायकलवर असताना जिथे कुणाचा जीव गेला, तिथे अशी सायकल उभी करतात. जुलैत त्या जागी एक तरुणी डंपरखाली सापडली. रस्त्याला सायकलची वेगळी लेन होती. पण बांधकामाचा राडारोडा भरायचा लोखंडी कंटेनर नेमका त्या लेनमध्येच ठेवलेला होता. तिला लेन सोडून गाड्यांमध्ये शिरावं लागलं. त्या एका वर्षात शहरात 6 सायकलस्वार गेले.

मी त्याच रस्त्याने कामावर जाते, सायकलनेच. त्या चौकात लेन अडली की काय होतं, हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज उरली नव्हती. आणि त्याच वर्षी शरद ऋतूत ऑन्टारिओ प्रांताच्या सरकारने विधेयक आणलं: ब्लूर, यंग आणि युनिव्हर्सिटी ॲव्हेन्यू या तीन रस्त्यांवरच्या सायकल लेन काढून टाकायच्या. नोव्हेंबरअखेर त्याचा कायदाही झाला. कारण सांगितलं वाहतूक कोंडीचं. सायकलवाले जेमतेम 1.2 टक्के, त्यांच्यासाठी सगळ्यांचा खोळंबा का, असा सवाल होता. तो आकडा सबंध महानगर परिसराचा होता. पन्नास किलोमीटरवरच्या उपनगरातला माणूसही त्यात धरलेला, जो सायकलने ब्लूरवर कशाला येईल?

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. विरोध फक्त एका बाजूने नव्हता. ब्लूरची लेन पश्चिमेला इटोबिकोपर्यंत वाढवली, तेव्हा तिथल्या अनेक दुकानदारांना आणि रहिवाशांना ती नको होती. गिऱ्हाईक तुटेल, गाडी लावायला जागा राहणार नाही, ही त्यांची भीती खरी होती. मी त्यांना खोटं म्हणणार नाही. पण शहराच्या मध्यभागी ब्लूरवर 2016 साली हीच लेन प्रयोग म्हणून आखली, तेव्हाही हीच भीती होती. मग मोजदाद केली. गिऱ्हाईक वाढलं होतं, महिन्याला जास्त खर्च करणारेही वाढले होते. पुढच्या वर्षी पालिकेने ती लेन कायम केली. मोजून ठरवायची अशी एक रीत तिथे पडलेली होती, म्हणून लोकांना राग आला. मोजलेलं बाजूला ठेवून, पालिकेने बांधलेलं प्रांताने उखडायचं, तेही पालिकेच्या मर्जीविरुद्ध. पालिकेच्या अधिकाऱ्यांनी हिशेब मांडला: लेन बांधायला सुमारे 2 कोटी 70 लाख डॉलर लागले, काढायला 4 कोटी 80 लाख लागतील. महापौर ओलिव्हिया चाऊ स्वतः सायकल चालवतात, त्यांनी उघड विरोध केला. शेकडो लोक सायकली घेऊन क्वीन्स पार्कला विधानसभेसमोर जमले.

टोरोंटोला हे नवं नव्हतं. जार्व्हिस स्ट्रीटवर 2010 साली लेन झाली आणि 2012 मध्ये काढली. रस्त्यावरचे पट्टे खरवडणारा ट्रक आला, तेव्हा माणसं त्याच्या वाटेत रस्त्यावर बसली. काम रखडलं, पण थांबलं नाही. पट्टे गेले.

या वेळी लोक कोर्टात गेले. सायकल टोरोंटो ही संस्था, सायकलवरून डिलिव्हरी करणारा एक कामगार आणि विद्यापीठात शिकणारी एक मुलगी, असे अर्जदार. त्यांचा मुद्दा कॅनडाच्या हक्कांच्या सनदेतल्या कलम 7 वर उभा होता: जीवित, स्वातंत्र्य आणि व्यक्तीची सुरक्षितता. आपल्याकडच्या कलम 21 च्या जवळचं. कुणीही म्हणेल, सायकल लेन हा काय मूलभूत हक्क आहे? न्यायमूर्ती पॉल शाबास यांनीही तो मूलभूत हक्क आहे, असं म्हटलं नाही. सरकारने लेन बांधलीच पाहिजे, असा हक्क कुणाला नाही. पण बांधलेली लेन आहे, तिच्यामुळे माणसं वाचतात हे माहीत आहे, ती काढली तर माणसं जखमी होतील, मरतील, हेही माहीत आहे. आणि ज्या कोंडीसाठी काढायची, ती कमी होईल असा पुरावा नाही. गाड्यांना जागा वाढवून दिली की गाड्याच वाढतात. मग हे काढून घेणं सनदेविरुद्ध ठरतं. 30 जुलै 2025 रोजी हा निकाल लागला.

मला स्वतःला या सगळ्यात जास्त टोचलं ते कायद्यातलं एक कलम. लेन काढल्यावर कुणी जखमी झालं किंवा दगावलं, तर सरकारवर दावा लावता येणार नाही, अशी तरतूद त्यात घातली होती. मी ते कलम तीनदा वाचलं. अपघात होणारच नाहीत अशी ज्याची खात्री असते, तो अशी तरतूद कशाला करून ठेवील? त्या ओळी लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कुणीतरी पडलेलं होतं, असं मला वाटत राहिलं.

मुंबईत बीकेसीतला सायकल ट्रॅक 2011 चा. एमएमआरडीएने 2025 मध्ये तो काढून गाड्यांचा रस्ता रुंद करायचं ठरवलं, तेव्हा सायकलवाल्यांनी विरोध केला, पण ब्लूरसारखी गर्दी उभी राहिली नाही. त्या ट्रॅकवर वर्षानुवर्षं गाड्या लावल्या जात होत्या. रोज कामावर जायचा माणूस त्यावरून जाऊ शकत नव्हता, मग तो वाचवायला येणार कोण? ब्लूरवर सकाळी पाठीला चौकोनी पिशव्या लावलेली पोरं असतात, त्यांत आपल्याकडची कितीतरी. युनिव्हर्सिटी ॲव्हेन्यूवर एकापाठोपाठ एक रुग्णालयं आहेत, रात्रपाळी संपवून परिचारिका त्याच लेनने घरी जातात. त्यांच्यासाठी तो रोजचा रस्ता होता, म्हणून ते उठले.

निकालानंतर सरकार अपिलात गेलं. लेन तेव्हा तरी जागेवर होती. मी इकडे यायला निघाले त्या आठवड्यात ब्लूरवर लेनच्या कडेचा प्लास्टिकचा एक खांब गाडीच्या धक्क्याने आडवा झालेला होता. पालिकेची दोन माणसं डांबरावर गुडघे टेकून त्या जागी नवा बसवत होती. एकाने बोल्ट आवळला, खांब हाताने हलवून पाहिला, आणि मला पुढे जायची खूण केली.