सगळ्यात चांगला सर कच्च्या गटाला द्या

(कोल्हापुरातील एका वसंत व्याख्यानमालेतल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मान्यवर आणि समोर बसलेली शिवाजी पेठ, मंगळवार पेठ आणि भांडण नको म्हणून मध्ये बसलेली बाकीची मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘उन्हाळी फुटबॉल शिबिरे : गटवारी आणि प्रशिक्षण’. मी संयोजकांना कळवलेलं शीर्षक वेगळं होतं : ‘सगळ्यात चांगला सर कच्च्या गटाला द्या’. ते म्हणाले, सर, हे व्याख्यान वाटत नाही, निवेदन वाटतंय. म्हटलं, निवेदनच आहे. फक्त कलेक्टर कचेरीवर न नेता तुमच्यापुढं आणलंय.

तर तीन गोष्टी सांगायच्या आहेत. मुलांचे गट कसे पाडावेत, मैदानावर त्यांनी काय करावं, आणि त्यांच्यासमोर शिकवायला कुणी उभं राहावं. तिसरी माझी लाडकी. पहिल्या दोन तिच्या वाट्याचा वेळ खाणार नाहीत असं बघतो.

कोल्हापुरात शिबिर घेणं एका बाजूनं फार सोपं. दुसऱ्या गावात आधी पोरांना फुटबॉलची गोडी लावावी लागते. इथं पोरगं बालवाडीत जायच्या आधी पाटाकडील का शिवाजी, दिलबहार का बालगोपाल, प्रॅक्टिस का खंडोबा, यातला आपला संघ कुठला, हे ठरलेलं असतं. त्यानं नाही, त्याच्या आजोबांनी ठरवलेलं असतं. शाहू स्टेडियमवर फायनल असली की गल्लीतली दुकानं अर्ध्या शटरवर येतात. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले आणि ते पिढ्यान्‌पिढ्या चालवले, असं दुसरं गाव मला तरी ठाऊक नाही. आणि २०१७ साली आपल्या देशात सतरा वर्षांखालच्यांचा विश्वचषक झाला, त्यात आपला अनिकेत जाधव भारताकडून खेळला. त्या वर्षापासून शिबिराच्या नावनोंदणीला येणारा प्रत्येक बाप फॉर्म भरता भरता एक वाक्य बोलतोच : ‘सर, आमच्यात पण तसं काहीतरी आहे बघा.’ आमच्यात म्हणजे पोरात का घराण्यात, हे कळत नाही. (हशा)

याच प्रेमाचा त्रासही होतो. या गावात प्रत्येकाला तयार खेळाडू बघायची सवय. रंकाळ्यावर भेळ खात बसलेला माणूससुद्धा कुठल्या संघाचा लेफ्ट बॅक कच्चा आहे ते सांगेल. पण बॉलला पहिल्यांदा पाय लावणारं आठ वर्षांचं पोरगं बघायला कुणाला वेळ नाही. ते काय, खेळतंय आपलं.

परीक्षा संपल्या की शिबिराचा पहिला दिवस येतो. सकाळी साडेसहाला मैदानावर कोण कोण असतं, बघा. एक असतो नवा कोरा किट घातलेला. स्टडचे बूट, शिनगार्ड, पाठीवर दहा नंबर, आणि बॉल आला की बाजूला होतो, बूट खराब होतील म्हणून. एक शाळेच्या पांढऱ्या कॅनव्हासवर आलेला. एक अनवाणी, तो बहुतेक वेळा सगळ्यात चपळ. एक आईनं मोबाईल सुटावा म्हणून आणून सोडलेला. ती जाताना सांगते, ‘सर, ह्याला ए गटात घ्या, मोबाईलवर लई भारी फुटबॉल खेळतोय.’ एक दहावीला ग्रेस मार्क मिळतात का, हे विचारायला आलेला, म्हणजे त्याचा बाप आलेला. एक तालमीतल्या खेळाडूचा पुतण्या, गल्लीत मोठ्यांच्यात खेळून तयार झालेला. आणि कोपऱ्यात दोन मुली, एकमेकींचा हात धरून, कुणी काही म्हणायच्या आत घरी जावं का, या विचारात.

मोठे सर वीस मिनिटांत यांचे अ, ब, क असे तीन गट पाडतात, तयार पोरं अ मध्ये, कच्ची क मध्ये. अ गट स्वतःकडं घेतात. ब गट क्लबातल्या एखाद्या जुन्या खेळाडूकडं जातो. क गटाला मिळतो कॉलेजात शिकणारा एखादा दादा, ज्याला चहापाण्याचे पैसे मिळणार असतात आणि ज्याच्या हातात तीन बॉल आणि मैदानावर खुणेला ठेवायचे आठ कोन दिलेले असतात. अ गटाकडं बारा बॉल.

आता एक गोष्ट सांगतो. जरा लांब आहे. शिबिर कुणाचं, मैदान कुठलं, हे विचारू नका. पहिल्या रांगेत दोघंतिघं आत्ताच चप्पल शोधायला लागलेत, त्यांना माहीत आहे. (हशा) मी तिथं शिट्टी वाजवायला म्हणून जात होतो, शिकवायला नाही.

क गटात एक डावखुरा पोरगा होता, नऊ वर्षांचा. बॉलला नुसता टो मारायचा, म्हणजे बुटाच्या टोकानं. बॉल एकतर वर उडायचा, नाहीतर भलत्याच पोराच्या पोटावर बसायचा. दादा ओरडायचा, ‘बघून मार की रे!’ पोरगं बिचारं डोळे फाडून बघायचं आणि पुन्हा टोच मारायचं. त्याचं बघणं नीटच होतं. चुकत होतं दुसरीकडं, ते दादाला दिसत नव्हतं. दोष त्याचा नाही, त्यालाही कुणी दाखवलं नव्हतं.

एक दिवस अ गट सामना खेळायला इचलकरंजीला निघाला. जीपमध्ये पालकांनीच जागा धरल्या, मोठे सर खाली राहिले. कोल्हापुरात हे होतं. आता मैदानावर उरला क गट. सर दहा मिनिटं गप्प उभे राहिले. मग त्या डावखुऱ्याजवळ गेले, खाली बसले आणि त्याच्या उजव्या पायाला हात लावला. डाव्याला नाही, उजव्याला. ज्या पायावर आपण उभे राहतो तो पाय हा बॉलच्या मागं, वीतभर अंतरावर टाकत होता. सरांनी तो उचलून बॉलच्या शेजारी ठेवला आणि बोटं ज्याला पास द्यायचा त्याच्याकडं वळवली. म्हणाले, आता मारणाऱ्या पायाचा घोटा ताठ धर, बोटं जरा वर, आणि पायाच्या आतल्या बाजूनं ढकल. मारू नको, ढकल. बॉल जमिनीवरून सरळ गेला. पोरानं सरांकडं बघितलं, मग स्वतःच्या उजव्या पायाकडं बघितलं, जणू तो आजच फुटलाय. त्या सकाळी सरांनी असे सहा-सात पाय हलवले. दुसऱ्या दिवशी सर परत अ गटात.

पोरगं मात्र सुटलं. भिंत दिसली की बॉल, बॉल नसला की बाटली. आणि समारोपाला तीन सामने ठेवले होते, आधी क, मग ब, मग अ. त्याची आजी कागलहून एसटीनं आली, पिशवीत तिखटमिठाच्या पुऱ्या, सगळ्या क गटाला पुरतील एवढ्या.

कार्यक्रम सात वाजता. पाहुणे साडेआठला आले. मग फेटे. फेटा बांधणारा एकच, डोकी अकरा. मग दीपप्रज्वलन, उघड्या मैदानात, वाऱ्यात. चार काड्या गेल्या, पाचवीला माझ्याकडचं लायटर मागितलं. माझ्याकडं लायटर आहे हे त्या दिवशी सगळ्या पेठेला कळलं. (हशा) मग स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय. पाहुणे बोलायला उठले आणि म्हणाले, मला फुटबॉलमधलं काही कळत नाही. आम्हाला वाटलं, आता दोन मिनिटांत बसतील. ते कळत नसलेल्या विषयावर पस्तीस मिनिटं बोलले. पोरं उन्हात, अंगात प्रायोजकाचं नाव छापलेला नायलॉनचा शर्ट, दोघांना घेरी आली. शेवटी संयोजकांनी घड्याळ बघितलं आणि माईकवर जाहीर केलं : वेळेअभावी क गटाचा सामना रद्द, अ गटाचा सामना सुरू करूया.

वेळेअभावी! अकरा फेट्यांना वेळ होता. आजीनं मला विचारलं, ‘आमचं पोर कवा खेळणार?’ मी तिच्याकडं न बघता शिट्टी वाजवली, कारण अ गट मैदानात उतरला होता. पुऱ्या आम्ही खाल्ल्या. उत्तम होत्या.

माझा राग पाहुण्यांवर नाही. पाहुणे येतात, बोलतात, जातात. राग याचा की काहीही कमी पडलं, वेळ, बॉल, सर, जीपमधली जागा, तर ते क गटातून कापायचं, हे कुणालाही न विचारता ठरलेलं असतं.

आणि संयोजकांनी आत्ता माझ्या हातात चिठ्ठी दिलीय. ‘सहा मिनिटे’. (हशा) म्हणजे मी पण त्याच वळणावर आलो. तर आता भराभर.

रांगेचा हिशेब करा. पंधरा पोरं, एक रांग, कोनांमधून बॉल न्यायचा. एकेकाला वीस सेकंद लागतात. म्हणजे पाच मिनिटांनी पुन्हा पाळी येते. तासाला बारा पाळ्या, बारा गुणिले वीस सेकंद, चार मिनिटं. तासात चार मिनिटं फुटबॉल आणि छप्पन मिनिटं रेशनच्या दुकानासारखी रांग. अ गटातलं पोर घरी जाऊन गल्लीत दोन तास खेळतं, त्याचं भागतं. क गटातल्या पोराला गल्लीत कुणी घेतच नाही, त्याची ती चार मिनिटं हाच सगळा फुटबॉल. म्हणून प्रत्येकाला स्वतःचा बॉल, आणि नसेल तर रांग मोडून चार विरुद्ध चार खेळवा, छोटं मैदान, छोटे गोल, गोलकीपर नको. जर्मनीसारख्या देशानं २०२४ पासून लहान मुलांसाठी असे छोटे सामने सक्तीचे केले. आपण दहा वर्षांच्या पोराला आठ यार्ड रुंद आणि आठ फूट उंच गोलपोस्टात उभं करतो आणि डोक्यावरून गेला की त्याला शिव्या घालतो.

बॉल. पाच नंबरचा बॉल ४१० ते ४५० ग्रॅमचा, तो बारा वर्षांच्या पुढच्यांना. आठ ते बारा चार नंबर, त्याच्या खाली तीन नंबर. दुकानदार सगळ्यांना पाच नंबर देतो, कारण त्याच्याकडं तेवढाच असतो.

गट. नुसत्या वयावर पाडू नका. जानेवारीतला आणि डिसेंबरमधला एकाच वर्षात मोजला जातो, पण दहाव्या वर्षी ते अंतर मोठं असतं. कॅनडातल्या आइस हॉकीत ऐंशीच्या दशकात हे मोजून दाखवलं, निवडलेल्या पोरांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेले जास्त. आपण ज्याला हुशार म्हणतो तो पुष्कळदा नुसता मोठा असतो. तेरा-चौदाव्या वर्षी तर कुणाला मिसरूड, कुणाचा आवाज अजून कोवळा. फिफानं २००९ पासून सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात मनगटाचा एमआरआय सुरू केला, हाडाच्या वाढीवरून वय ताडायला, तो कागदावरच्या वयावर भरवसा नाही म्हणून. आपल्याकडं एमआरआय नको, उंची बघा, धक्का बसल्यावर कोण पडतंय बघा. आणि गट पाडला की तो महिनाभर पक्का ठेवू नका, दर सोमवारी हलवा. अ-ब-क नावं पण नकोत, रंगांची द्या.

हेडिंग, म्हणजे डोक्यानं बॉल मारणं. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेनं २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंग बंद केलं. आपणही त्या वयाला शिकवू नये. उशिरा शिकलं म्हणून कुणाचं काही अडत नाही. वाढत्या वयातली टाच आणि गुडघ्याखालचं दुखणं ‘नाटक’ म्हणून उडवू नका, बरेचदा ते हाड वाढत असताना तिथं बसणाऱ्या ताणाचं दुखणं असतं, विश्रांतीनं जातं. मैदान सकाळी नऊच्या आत मोकळं. पाणी मागायची वाट न बघता द्यायचं.

आता सर. अ गटाला काय लागतं? सामने, मोकळीक, आणि एखाददुसरी सूचना. तो गट जुन्या खेळाडूच्या हाती द्या, त्याचं ऐकतील, त्याला मानतील. ज्याला पाय कुठं चुकतोय ते दहा मिनिटांत दिसतं तो माणूस क गटात पाहिजे, रोज, पहिल्या दिवसापासून. आणि दादाला त्या सरांच्या शेजारी उभा करा, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात दोघांना दिसेल. पालक म्हणतील, आम्ही मोठ्या सरांचं नाव बघून पैसे भरले. त्यांना सांगा, मोठे सर आहेत की, तिकडं, तीन नंबरच्या बॉलजवळ. ओरडतील. चार दिवस ओरडतील. कप कमी येतील का? पहिल्या वर्षी येतील कमी. क्लबाच्या कार्यकारिणीत हा मुद्दा मांडून बघा, कोण कोण उठून जातं ते मला येऊन सांगा.

चिठ्ठी परत आली. शेवटचं, त्या कोपऱ्यातल्या दोन मुलींबद्दल, पत्रिकेत ते नव्हतं पण सांगतो. मुलींना वेगळा गट द्यावा का, यावर पुष्कळ बोलता येईल, माझं मत दहा-अकरा वर्षांपर्यंत एकत्र खेळवावं असं आहे. पण मुली तिसऱ्या दिवशी यायच्या का बंद होतात, हे मी मैदानावर विचारलं तेव्हा कुणी फुटबॉलबद्दल बोललं नाही. मैदानाच्या स्वच्छतागृहाला कुलूप असतं आणि किल्ली वॉचमनकडं, वॉचमन सकाळी आठला येतो. शिबिर साडेसहाला सुरू होतं. या हॉलमध्ये दोन क्लबांचे सचिव बसलेत. त्या किल्लीची एक नक्कल करायला काय खर्च येतो, ते मी विचारून ठेवलंय, बाहेर भेटा, सांगतो. थांबतो, अध्यक्ष उभे राहिले.