पायांतून येणारा जंत

नमस्कार श्रोतेहो. लावणी उरकली की आपल्याकडे संध्याकाळी पडवीत बसून बोटांच्या बेचक्यांत मेंदी थापली जाते. चिखल्या झाल्यात म्हणायचं आणि विसरायचं. बहुतेकदा त्या चिखल्याच असतात. पण पोफळीखाली अनवाणी फिरून आल्यावर बारीक लाल पुळ्या उठून खाज सुटली, तर मी विचारतो, "आजी, आगरात शौचाला कोण बसतं?" आजी तोंड फिरवते.

अंकुशकृमी हा सेंटिमीटरभर लांबीचा जंत बहुतेकदा कातडीतून शिरतो. हे कळलं तेही अपघाताने. 19व्या शतकाच्या अखेरीस कैरोत आर्थर लूस या शास्त्रज्ञाच्या हातावर अळ्यांचं पाणी सांडलं. हात खाजला, आणि काही आठवड्यांनी त्याच्याच शौचात जंताची अंडी सापडली!

विष्ठेतली अंडी ओल्या, उबदार, सावलीच्या मातीत फुटतात आणि आठवडाभरात अळ्या तयार होतात. आपलं पालापाचोळ्याचं आगर म्हणजे त्यांचं माहेरच. अळी कातडीतून रक्तात, तिथून फुप्फुसात, मग घशाशी येते. थुंकीबरोबर गिळली जाते आणि लहान आतड्याला चावून बसते. यातल्या ॲन्सिलोस्टोमा जातीचा एक जंत रोज साधारण 0.15 ते 0.2 मिलिलिटर रक्त गमावायला लावतो. असे शंभर असले, तर रोज तीन-चार चमचे रक्त गेलं. (गूळ खाल्ल्याने जंत होतात म्हणतात, त्यात गुळाचा काही दोष नाही.)

आजीची खालची पापणी ओढून पाहिली, तर आत ओल्या खोबऱ्यासारखी पांढरी. रहाट ओढताना दम लागतो, ते ती वयावर घालते. नात येताजाता कच्चे तांदूळ चघळते. तीही अंगात लोह कमी असल्याची खूण असू शकते.

औषध साधं आहे: अल्बेंडाझोल, 400 मिलिग्रॅम. शाळा-अंगणवाडीत 10 फेब्रुवारीला देतात ती हीच गोळी. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी. गरोदर बाईने मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. गोळीने जंत मरतो, गेलेलं रक्त भरून येत नाही. त्यासाठी लोहाच्या गोळ्या काही महिने घ्याव्या लागतात. त्यांनी शौचाला काळं होतं, म्हणून घाबरून मध्येच सोडणारे पुष्कळ. होऊ दे काळं.

आणि चपला? चिखलात रुततात, पाय घसरतो, ही आजीची तक्रार खोटी नाही. म्हणून मुलाने गमबूट आणून दिले. गेल्या खेपेला मी ते पाहिले. पडवीच्या कोपऱ्यात होते, आणि एकात कोंबडी खुडूक बसली होती.