कांद्याच्या पापुद्र्यापासून धमनीपर्यंत

(दृश्य: लाल कांदा आडवा चिरला जातो)

हा जांभळा रंग अँथोसायनिनचा. त्याच्याच जोडीला, डोळ्यांना न दिसणारं क्वेर्सेटिन. दोन्ही फ्लॅवोनॉइड कुळातली. उन्हातल्या अतिनील किरणांपासून बचाव व्हावा म्हणून वनस्पती अशी द्रव्यं तयार करते. कांद्यात क्वेर्सेटिन सर्वात जास्त असतं ते बाहेरच्या थरांत. कोरड्या सालीबरोबर एकदोन रसरशीत पापुद्रेही काढून टाकले, की त्यातलं बरंच हातचं गेलं. उकळलं, तर काही भाग पाण्यात उतरतो. ते पाणी ओतून देऊ नका.

(दृश्य: दंडावर सोनोग्राफी, पडद्यावर धमनी)

आणि ही दंडातली धमनी. रुंदी जेमतेम चार मिलिमीटर. खाली हाताला पट्टा बांधून फुगवलाय. पाच मिनिटं रक्त अडवलेलं. आता पट्टा सैल होतो... पाहा. रक्ताचा लोंढा येतो, धमनीचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि भिंत सैलावते. हा वायू रक्तवाहिन्यांना असा निरोप देतो, या शोधाला 1998 चं नोबेल मिळालं. पडद्यावरची ही वाढ मिलिमीटरच्या अंशाएवढीच, पण अस्तर निरोगी आहे की नाही ते तीच सांगते. कोकोतली फ्लॅवनॉल द्रव्यं, हीही फ्लॅवोनॉइड कुळातलीच, पोटात गेल्यावर दोनएक तासांत धमनी अधिक रुंदावते, हे अशाच चाचण्यांत मोजलं गेलंय.

(दृश्य: चहा, सफरचंद, कांदा एकाच टेबलावर)

नेदरलँड्समधल्या झुटफेन गावातल्या 805 वयस्कर पुरुषांच्या आहारात फ्लॅवोनॉइड आले ते मुख्यतः या तिघांतून. 1993 मध्ये निष्कर्ष छापून आले: ज्यांच्या आहारात ते भरपूर होते, त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू निम्म्याहूनही कमी. अर्थात, असा माणूस इतर बाबतीतही जपून राहत असेल. केवळ निरीक्षणातून कारण सिद्ध होत नाही.

(दृश्य: कॅप्सूलची बाटली)

म्हणून अमेरिकेत 21 हजारांहून अधिक ज्येष्ठांवर प्रयोग झाला. काहींना रोज 500 मिलिग्रॅम कोको फ्लॅवनॉल, बाकीच्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय कॅप्सूल. 2022 चा निकाल: हृदयविकाराच्या एकूण घटनांत ठोस घट नाही, हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी होणारे मृत्यू मात्र 27 टक्के कमी. आयुष्य किती वाढतं, याचं उत्तर यातून मिळत नाही. पण बाटलीत एकाच कुळातली द्रव्यं आहेत. टेबलावरच्या सफरचंदात त्यांच्यासोबत तंतू आहेत, पोटॅशियम आहे, आणि साल न काढता खाल्लं तर क्वेर्सेटिनही.